सोतेर्न आणि आपले नाताळचे ताट

डिसेंबरच्या अखेरीस भल्या पहाटे अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर वाफेचा जो पांढरा पडदा उभा राहतो, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना सोतेर्न या फ्रेंच गोड वाइनची जन्मकथा समजावून सांगणे सोपे जावे. गार हवा आणि ऊन पाणी यांची गाठ पडली की धुके जन्मते. तानसा नदीच्या काठी त्याचे कारण भूगर्भातील उष्णता. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दो शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, त्याचे कारण दोन नद्यांची भेट. सिराँ ही झाडांच्या सावलीतून वाहणारी थंड पाण्याची लहानशी नदी, तर गारोन मोठी आणि तुलनेने उबदार. शरद ऋतूत या दोघींच्या संगमाजवळ पहाटे धुके दाटते, दुपारचे ऊन ते पुसून टाकते आणि ओल्या-कोरड्याच्या या पाळीतून पिकल्या द्राक्षांवर एक करडी बुरशी धरते. तिचे शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. एरवी द्राक्षबागाईतदाराची झोप उडविणारी ही बुरशी त्या मुलखात मात्र ‘उदात्त सड’ या नावाने गौरविली जाते.

बुरशीचे तंतू द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडतात, आतले पाणी उडून जाते आणि मणी मनुकेसारखा सुरकुततो. साखर आटून घट्ट होते, पण तिच्याबरोबर आंबटपणाही टिकून राहतो. ही दुसरी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे. सगळे घोस एकाच वेळी सडत नाहीत. म्हणून मजूर एकाच बागेतून आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा फिरतात आणि तयार झालेले मणी तेवढे खुडतात. सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक या पाच गावांनाच हे नाव लावण्याचा अधिकार आहे. त्यांतील सर्वांत नामांकित अशा शातो दिकेम या मळ्यात एका वेलीमागे जेमतेम एक पेला वाइन हाती लागते, असे सांगतात. १८५५ च्या सुप्रसिद्ध वर्गवारीत गोड वाइनींमध्ये सर्वश्रेष्ठ पद केवळ या एका मळ्याला मिळाले. तरीही १९९२ आणि २०१२ या वर्षी पीक मनासारखे नव्हते, म्हणून त्या मळ्याने आपल्या नावाची एकही बाटली बाजारात आणली नाही. हा हट्ट मला फार आवडतो.

अशा एका सोतेर्नची (दिकेमची नव्हे, ती आपल्या आवाक्यातली नाही) अर्धी बाटली फ्रान्सहून सुट्टीवर आलेल्या माझ्या पुतण्याने नाताळात आणली होती. आतेभावाने अकलोलीला एक लहानसे घर घेतले आहे. मावशीचे गुडघे धरलेले असल्याने तिला कुंडांच्या पाण्याचा शेक मिळावा म्हणून आम्ही सारे शिरसाड फाट्यावरून तिकडे गेलो होतो. शेजारच्या वज्रेश्वरीचे देऊळ वसई जिंकून घेण्यासाठी केलेल्या नवसाच्या पूर्तीखातर चिमाजी अप्पांनी बांधविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १७३९ मध्ये ज्या वसईचा पाडाव झाला, त्याच वसईची आम्ही माणसे आता तेथे गुडघे शेकायला जातो! असो. तो दिवस २७ डिसेंबर, म्हणजे संत योहानाचा सण होता. या सणाच्या दिवशी वाइनला आशीर्वाद देण्याची जुनी प्रथा ख्रिस्तसभेत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आम्हांलाही ते बाटली उघडल्यानंतरच आठवले.

ताटात काय नव्हते? नारळाच्या दुधातले फुगे, भाजलेले बदक, डुकराचे इंद्याळ, कांद्यावर परतलेली कलेजी, कोळंबी; आणि गोडाच्या बाजूला केक, करंज्या, थाळी स्वीट, पेरूचे चीज. शिवाय घरून नेलेली सुकेळी. पेयेही तीन होती : पुतण्याची सोतेर्न, नाशिककडची एक ‘लेट हार्वेस्ट’ आणि मावशीची काळ्या मनुकांची, चिनीमातीच्या बरणीतली वाइन.

पुतण्याने जेवणाच्या शेवटी, केकबरोबर, बाटली उघडली. “काका, ही डेझर्ट वाइन आहे, गोडाबरोबरच घ्यायची,” असे त्याने बजावले. आणि पहिल्याच घोटाला सर्वांचे चेहरे उतरले. सुकामेव्याने आणि जळवलेल्या साखरेने भरलेल्या केकनंतर ती वाइन पाणचट आणि आंबट लागली. “इतकी महाग आणाया आणि लिंबाचे सरबत पाजाया?” असे मावशी म्हणाली. तिचे चुकले नव्हते. तिच्या जिभेने दिलेला निर्णय प्रामाणिक होता.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे, की दोष वाइनचा नव्हता आणि केकचाही नव्हता. दोष ‘डेझर्ट वाइन’ या शब्दाचा होता. हे नाव इंग्रजीने दिलेले आहे. फ्रेंच लोक अशा वाइनला तिच्या पोतावरून ओळखतात : काहींना मवाळ, काहींना घट्ट-मधाळ अशा अर्थाची विशेषणे लावतात. ती जेवणाच्या अमुक टप्प्यावरच प्यावी असे त्या विशेषणांत कोठेही म्हटलेले नाही. उलट त्यांच्या घरी ती पुष्कळदा जेवणाच्या आरंभी येते, बदकाच्या किंवा हंसाच्या पोसलेल्या यकृताबरोबर, ज्याला ते फ्वा ग्रा म्हणतात. किंवा शेवटाकडे, पण गोडाच्या आधी, रॉकफोर या खारट, निळ्या बुरशीच्या चीजबरोबर येते. १९व्या शतकातल्या मेजवान्यांत तर ती मासळीबरोबरही वाढली जाई. म्हणजे चरबी, मीठ आणि समुद्र हे तिचे सोबती. केक, चॉकलेट आणि साखरेत घोळवलेल्या वड्या ही सोबत तिच्यावर मागाहून, आणि बहुतांशी परदेशात, लादली गेली. आपल्याकडची मासिके आणि उपाहारगृहांची पत्रके तोच सल्ला डोळे मिटून देत असतात.

असे का व्हावे, याला जिभेचे साधे कारण आहे. अधिक गोड पदार्थ खाल्ल्यावर जिभेची गोडाची जाण काही क्षण बोथट होते. त्यानंतर कमी गोड पेय प्यायले तर त्यातली साखर लपते आणि आंबटपणा उघडा पडतो. आंब्याच्या रसावर चहा पिऊन पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. सोतेर्नच्या एका लिटरमध्ये साधारणतः १२० ते १५० ग्रॅम साखर असते. हे प्रमाण ऐकायला मोठे वाटते, पण आपल्या करंजीच्या सारणापुढे किंवा थाळी स्वीटपुढे ते काहीच नाही. ‘वाइन पदार्थाहून गोड हवी’ हा जो नियम सांगितला जातो तो म्हणूनच खरा आहे. मात्र तो निषेधाचा नियम आहे. काय टाळावे ते तो सांगतो, काय शोधावे ते सांगत नाही. शोधावयाचे ते आंबटपणाच्या आधाराने. चरबीने जिभेवर जो लेप बसतो तो आंबटपणा खरवडून काढतो. मिठाने गोडी उठावते. आणि या दोन्ही कामांनंतर साखर जड न वाटता सुखद वाटते. साखर हे त्या वाइनचे अंग खरे, पण कणा आंबटाचा.

बायबलच्या वाचकाला हे फारसे नवीन वाटू नये. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोकांना आनंद करावयास सांगताना पुष्ट, स्निग्ध अन्न आणि गोड पेय यांचा एका दमात उल्लेख येतो. गोडावर गोड असा तो बेत नाही, स्निग्धावर गोड असा आहे. त्या काळच्या भोजनशास्त्राविषयी यावरून फार मोठे अनुमान काढण्याचा माझा विचार नाही. पण जोडी लक्षात राहण्याजोगी आहे.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी, बाटलीत उरलेल्या पेलाभर वाइनवर, आम्ही उलट मार्गाने गेलो. (साखर आणि आंबटपणा यांच्यामुळे अशी वाइन उघडल्यावरही बूच घट्ट लावून शीतपेटीत ठेवली तर काही दिवस टिकते. पिताना ती ८ ते १० अंश सेल्सिअस इतकी गार असावी आणि पेला लहान असावा.) प्रथम कलेजी. फ्वा ग्रा भारतात मिळत नाही. पक्ष्याच्या घशात नळी घालून सक्तीने चारण्याच्या क्रौर्यामुळे २०१४ साली तिच्या आयातीवर बंदी आली, आणि ती आली याचा मला आनंदच आहे. पण नाताळच्या आदल्या दिवशी डुक्कर कापल्यावर जी कलेजी घरात पहिल्यांदा शिजते, ती मंद आचेवर कांद्यावर परतलेली, मीठ-मिरीची, तिच्यात तोच मऊ, किंचित कडवट, स्निग्ध गुण असतो. तिच्यावर सोतेर्नचा घोट घेतला आणि पुतण्या गप्प झाला. जर्दाळू, मध, केशर, संत्र्याच्या सालीचा मुरंबा हे जे वास पुस्तकांत वाचले होते, ते आदल्या दिवशी केकने गिळून टाकले होते; आता ते एकेक करून वर आले. या दोन दिवसांतली ही सर्वांत मोलाची चव. ती आपल्या स्वयंपाकघरातल्या, पाहुण्यांपुढे ठेवताना आपण संकोचतो अशा पदार्थाने दिली.

बदकाने जवळजवळ तेवढेच यश दिले, विशेषतः कातडीलगतच्या चरबीच्या भागाने. बोर्दोकडे भाजलेल्या कोंबडीबरोबरही सोतेर्न घेतात, तेव्हा बदक शोभले यात नवल नाही. फुगे स्वतः किंचित गोडसर आणि तळलेले असल्यामुळे मध्ये-मध्ये खायला छान. कोळंबी नारळाच्या रसात होती, तिखट बेताचे होते, म्हणून ती जमली. सुक्या लाल वाटणात असती तर जमली नसती असे वाटते.

इंद्याळाने मात्र निराशा केली. मिरचीचा दाह गोड आणि गार पेयाने शमतो, हे खरे. म्हणून तिखटावर गोड वाइन, हा सल्ला सरसकट दिला जातो. परंतु इंद्याळात मिरचीच्या जोडीला शिरका आहे. पदार्थ वाइनहून आंबट झाला की वाइनचा आंबटपणा जिभेला जाणवेनासा होतो आणि मागे उरते ती नुसती साखर. कणाच काढून घेतल्यासारखे! शिवाय १३-१४ टक्के मद्यार्क मिरचीची आग वाढवतो, शमवत नाही. इंद्याळाला इंद्याळासारखेच राहू द्यावे आणि त्याच्याबरोबर पाणी प्यावे.

सुकेळीविषयी लिहिणे मला जड जाते. मनात फार मोठी आशा होती. राजेळी केळी सोलून उन्हात दिवसचे दिवस वाळवायची, ती आटून मधासारखी घट्ट झाली की सोपटांत बांधायची. वसईच्या वाड्यांतली ही कला आणि वेलीवर आटणारी सोतेर्नची द्राक्षे, दोहोंत पाणी घालवून गोडी राखण्याचे एकच तत्त्व. दोन भावंडे भेटतील असे वाटले होते. भेट झाली ती अगदी कोरडी! सुकेळी इतकी गोड आणि इतकी बिनआंबट, की तिच्यापुढे वाइन केकपेक्षाही केविलवाणी वाटली. राजेळीच्या लागवडी घटत चालल्या आहेत, सुकेळी घालणारे हात त्याहून कमी झाले आहेत. तेव्हा फ्रेंच वाइनच्या शिफारशीचा तिला काही आधार देता आला असता तर बरे वाटले असते. पण समीक्षकाने आपल्या घरच्या पदार्थासाठी खोटी साक्ष देऊ नये. सुकेळी साजूक तुपात परतून त्यावर चिमूटभर मीठ टाकले तेव्हा परिस्थिती थोडी सुधारली, एवढेच लिहितो.

पेरूच्या चीजचीही तीच गत झाली असती; परंतु पुतण्याने वडीचा पातळ काप खारट चीजच्या तुकड्यावर ठेवला आणि दोन्ही एकदम खाल्ली. पोर्तुगालमध्ये क्विन्स या फळाची वडी चीजबरोबर खाण्याची रीत आहे. आपल्याकडे क्विन्सच्या जागी पेरू आला आणि चीज मात्र वाटेत कुठेतरी हरवले. ते पुन्हा जोडले तेव्हा मीठ, फळाचा आंबटपणा आणि साखर यांचा मेळ बसला आणि वाइन खुलली. हा प्रयोग प्रत्येक घरी करण्याजोगा आहे, आणि त्याला सोतेर्नच हवी असे नाही.

कारण नाशिकचीही बाटली होती. आपल्या द्राक्षभूमीत सोतेर्न होणार नाही. तिकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्चच्या कोरड्या दिवसांत होते. ती शरदातली धुक्याची पाळी तेथे नाही, आणि अवकाळी पावसात जी बुरशी येते ती उदात्त नसते. म्हणून ‘लेट हार्वेस्ट’ वाइनसाठी द्राक्षे वेलीवर अधिक दिवस ठेवून आटू देतात. यासाठी बहुधा वापरली जाणारी शेनिन ब्लाँ ही जात मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली. तेथे ती कधी कोरड्या, तर कधी अतिशय गोड आणि दीर्घायुषी वाइनी देते, आणि तिचा स्वभावच आंबट आहे. हा स्वभाव ती नाशिकच्या उन्हातही पुरता विसरलेली नाही. सोतेर्नचे केशर आणि मुरंबा तिच्यात नाहीत. पेरू, अननस आणि मध आहेत. कलेजीपुढे ती थोडी उघडी पडली, पण कॅरामेल कस्टर्डबरोबर आणि पेरू-चीजच्या जोडीबरोबर ती सोतेर्नच्या बरोबरीने उभी राहिली. किमतीचा विचार केला, तर अधिक ताठ उभी राहिली.

राहिली मावशीची बरणी. आपल्या समाजाची वाइनची कल्पना गोडच का, याचा उगम या बरण्यांत, गोव्याच्या पोर्ट वाइनमध्ये आणि काही अंशी वेदीवरच्या वाइनमध्ये आहे. मिस्सासाठी वापरायची वाइन द्राक्षांपासूनच नैसर्गिकरीत्या झालेली आणि न बिघडलेली असावी, एवढेच धर्मसभेचा कायदा सांगतो (कलम ९२४). गोड असावी असे तो म्हणत नाही. पण गोड आणि जरा कडक वाइन उष्ण हवेत टिकते, म्हणून पुष्कळ ठिकाणी तीच रूढ झाली. मावशीच्या कृतीत काळ्या मनुका, साखर, थोडे गहू, यीस्ट आणि दालचिनी-लवंग. किण्व आपले काम थांबवते तेव्हा उरलेली साखर बरीच असते आणि मनुकांत आंबटपणा फारसा नसतो. कलेजीवर ती वाइन काकवीसारखी चिकटली, बदकावर ती मसाल्याच्या सरबतासारखी लागली. पुतण्याने, शहाणपणाने, काही म्हटले नाही.

मग आतेभावाने केकचा उरलेला तुकडा पुढे सरकवला. ज्या केकने सोतेर्नचा आदल्या दिवशी पराभव केला होता, त्याच केकवर मावशीच्या वाइनचा घोट घेतला, आणि तिन्ही पेयांत फक्त तीच टिकली. ती केकहून गोड होती, तिच्यातली दालचिनी केकमधल्या दालचिनीला भेटली, मनुका मनुकांना. आंबटाचा कणा नसल्याचे येथे काही बिघडले नाही, कारण उघडे पडायला काही नव्हतेच. ‘डेझर्ट वाइन’ हे नाव जर कोणाला अक्षरशः लागू पडत असेल, तर ते सोतेर्नला नव्हे, या बरणीला. आपल्या घरोघरच्या वाइनला फ्रेंच मापाने मोजून हिणवणारे जाणकार अलीकडे भेटू लागले आहेत. त्यांनी तिला कलेजीबरोबर चाखले असेल तर त्यांचा निर्णय बरोबर आहे, आणि केकबरोबर चाखलेच नसेल तर तो अपुरा आहे.

पुतण्याने हे सारे मावशीला समजावून सांगितले. “आजी, तुझी वाइन केकची, माझी कलेजीची,” असा त्याने समेट केला. मावशीने पाय शेकत ऐकून घेतले.

“मंग यंदा साखर कमी घालू काय रे?” तिने मला विचारले.

मी म्हटले, “या बरणीत नको, मावशी. ही आहे तशीच राहू दे. दुसरी एक लहान बरणी भरू. निम्मी साखर, आणि मनुकांच्या जोडीला ताजी आंबट हिरवी द्राक्षे.”

“द्राक्षे फेब्रुवारीत येतील,” मावशी म्हणाली. “तवा आठवण कर.”